आनंदमेळ्यात खाण्याचा स्टॉल लावताय? परवान्यापासून उरलेल्या भातापर्यंत सगळं

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या आनंदमेळ्यात मसालेभात बाधला होता. इंदूरमध्ये मराठी वस्ती जिथे जिथे आहे, रामबाग म्हणा, लोकमान्य नगर म्हणा, सुदामा नगर म्हणा, तिथे वर्षाकाठी एखादा तरी आनंदमेळा होतोच, कधी गणपतीच्या खर्चाला हातभार म्हणून, कधी कुणाच्या ऑपरेशनसाठी, आणि स्टॉल सगळे घरचेच, कुणाची पुरणपोळी, कुणाचं थालीपीठ. आमचा भात दुपारी बाराला झाला, मोठ्या पातेल्यात, वर घट्ट झाकण, झाकणावर जाड टॉवेल, आणि मेळा संध्याकाळी सहाचा. साडेपाचला परत गॅसवर ठेवून चांगला वाफवला सुद्धा. रात्री अकरापासून फोन सुरू झाले, चौदा जणांना उलट्या. ॲडमिट कुणाला करावं लागलं नाही हे नशीब.

आणि जो तो एकच म्हणत होता, "अहो पण सगळं किती स्वच्छ होतं!" होतंच की. फरशी दोनदा पुसली होती, बायकांनी केसांना टोप्या लावल्या होत्या. पण डॉक्टरांनी किती वाजता शिजवला आणि किती वाजता वाढला एवढंच विचारलं आणि मान हलवली. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष सोडतात, आणि ते विष परत गरम करून सुद्धा जात नाही. म्हणजे आमचं साडेपाचचं वाफवणं फुकट गेलं. झाकण-टॉवेल करून आम्ही त्या जिवाणूंना साडेपाच तास छान ऊब दिली होती.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, चकाचक दिसण्याच्या मागे आपण इंदूरवाले फार लागतो, आधी घड्याळ आणि थर्मामीटर बघा. खाली जे लिहिलंय ते सगळं त्यातूनच शिकलेलं, क्रमाने लिहिते, मेळ्याच्या महिनाभर आधीपासून.

कागदपत्रं, महिनाभर आधी

"आपण कुठे धंदा करतोय, पैसा तर निधीला जातो" हे वाक्य मी स्वतः बोललेली आहे. कायदा असं बघत नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात फूड बिझनेसची व्याख्याच अशी आहे की नफ्यासाठी असो वा नसो, खाण्याचं बनवणं, साठवणं, वाटणं, विकणं सगळं त्यात आलं. आणि २०११ च्या लायसन्सिंगच्या नियमांत छोट्या व्यावसायिकाच्या व्याख्येत फेरीवाल्याच्या जोडीला तात्पुरता स्टॉल लावणारा आणि धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारा पण धरलाय, केटरर तेवढा वगळलाय. म्हणजे भंडारा पण आला भिया, आणि आपला मेळा तर आलाच.

घाबरायचं काही नाही, छोट्यांना पूर्ण लायसन्स लागत नाही, नुसतं रजिस्ट्रेशन लागतं. फॉसकॉस नावाचं एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, पोर्टल आहे, तिथे फॉर्म ए भरायचा, फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा जोडायचा. २०११ च्या मूळ नियमांत ही छोट्यांची रेषा वर्षाला १२ लाख उलाढालीची होती आणि फी वर्षाला १०० रुपये, पण नियमांत दुरुस्त्या होत असतात म्हणून रकमा फॉर्म भरताना पोर्टलवरच बघा, कुणाच्या व्हॉट्सॲप मेसेजवर जाऊ नका. सात दिवसांत एकतर नंबर मिळतो, नाहीतर नकार, नाहीतर तपासणीची नोटीस येते. म्हणून महिनाभर आधी म्हणतेय, आम्ही पहिल्यांदा चार दिवस आधी बसलो होतो.

आणखी एक, रजिस्ट्रेशन जागेशी जोडलेलं असतं. तुमचा मेळा एका हॉलमध्ये, स्वयंपाक आठ घरांत, असं असेल तर जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला आधीच एक अर्ज देऊन विचारून घ्या, कुठला दिवस, किती स्टॉल, काय काय विकणार. आम्ही विचारायला गेलो तेव्हा दहा मिनिटांत काम झालं, आणि वर त्यांनीच दोन पदार्थ मेनूतून काढायला सांगितले.

केटरर बोलावणार असाल तर त्याचा १४ आकडी नंबर मागा आणि पोर्टलवर टाकून बघा. पहिला आकडा १ असेल तर लायसन्स, २ असेल तर रजिस्ट्रेशन. आम्हाला एकाने पाठवलेला नंबर मोजला तर १३ आकडीच निघाला, विचारलं तर म्हणे "छपाईत एक राहून गेला असेल ताई." दुसरा केटरर शोधला.

मेनू कापा

हे सगळ्यात अवघड काम कारण इथे माणसं दुखावली जातात. दरवर्षी शिकंजी करणाऱ्या काकूंना यंदा नको म्हणणं सोपं नसतं. आणि बाहेरच्यांसाठी सांगते, इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नाही, दुधा-मेव्याची घट्ट असते, ताक-श्रीखंडाच्या जातीची. अशी वस्तू ५ अंशाच्या खाली ठेवता येणार असेल तरच ठेवायची. बर्फाच्या टपात भांडं ठेवलंय म्हणजे आतलं दूध पण तेवढंच थंड आहे असं नसतं, मोजून बघा.

मी मेनूचे तीन ढीग करते. पहिला, न नासणारे: चिवडा, शंकरपाळे, चकली, तिळाचे लाडू, जितके पाहिजे तितके ठेवा. दुसरा, गरमागरम तिथल्या तिथे होणारे: थालीपीठ, साबुदाणा वडा, गराडू (इंदूरचा तळलेला कंद), बटाटेवडा. हे पण चांगले, फक्त सारण आणि भिजवलेलं पीठ थंड राहिलं पाहिजे. तिसरा ढीग डोकेदुखीचा: भात, दहीवडा, खोबऱ्याची चटणी, पनीर, खव्याची मिठाई, दूध घातलेला भुट्ट्याचा कीस, पाणीपुरीचं पाणी. तिसऱ्या ढिगातले दोनपेक्षा जास्त पदार्थ ठेवायचे नाहीत असा आमचा नियम आहे, कारण आमच्याकडे फ्रिज एकच आहे. तुमच्याकडे दोन असतील तर चार ठेवा.

उपासाचं वेगळं सांगते. नवरात्रात मोरधन म्हणजे भगर आणि त्याचं पीठ यांमुळे त्रास झाल्याच्या बातम्या येतात. हे पीठ दमट हवेत पटकन बुरशी धरतं. सुटं पीठ घेऊ नका, आख्खी मोरधन घ्या, निवडा, धुवा, वाळवा, आणि लागेल तेवढंच दळा.

थर्मामीटर घ्या, आजच

सुईसारखा टोचायचा डिजिटल मिळतो, ऑनलाइन चार-पाचशेच्या आत. आल्यावर आधी तपासा: भरपूर बर्फ घातलेल्या पाण्यात शून्याच्या आसपास यायला पाहिजे. उकळत्या पाण्यात मात्र इंदूरला १०० दिसणार नाही, ९८ च्या आसपास दिसेल, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहोत ना, म्हणून. आमच्या वहिनी तो खराब आहे म्हणून परत करायला निघाल्या होत्या.

आकडे तीनच लक्षात ठेवायचे. गरम पदार्थ ६० अंशाच्या वर, थंड पदार्थ ५ च्या खाली, आणि परत गरम केलेला पदार्थ मधोमध ७५ च्या वर. ५ ते ६० च्या मधे जे काही पडून आहे त्याचं घड्याळ चालू झालं. दोन तासांच्या आत असेल तर परत थंड-गरम करून वाचवता येतं, त्यापुढे तिथेच खाऊन संपवा, चार तास झाले की फेका. घासभर चाखून "चांगलंय की" म्हणणाऱ्यांना स्वयंपाकघरातून बाहेर पाठवा, आजारी पाडणाऱ्या जिवाणूंना वास-चव असतेच असं नाही.

आणि हे सगळं कुणाकडून शिकायचं तर आपल्या कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याकडून. नीट बघा कधी: खाली पातेल्यात पाणी उकळतंय, वर पोह्यांची परात, खालून सतत वाफ, आणि तो मागे तयार ठेवलेल्यातून थोडे थोडेच पोहे वर घेतो. राजवाड्याजवळचा साबुदाणा खिचडीवाला पण हेच करतो. मी एकदा प्लेट घेतल्या घेतल्या थर्मामीटर टोचला होता (तो हसला, पण काही बोलला नाही), ६६ अंश. आमच्या मसालेभाताला हेच हवं होतं. आता आम्ही मेळ्यात तीच पद्धत ठेवतो, मोठं पातेलं एकदम करत नाही, दर तासाला छोटा घाणा आणि खाली उकळतं पाणी.

पाणी

२०२५ च्या डिसेंबरात भागीरथपुऱ्यात पिण्याच्या लाइनीत ड्रेनेजचं पाणी मिसळलं, कितीतरी लोक आजारी पडले, काही दगावले, इंदूरकरांना मी सांगायला नको. तेव्हापासून नळाचं पाणी आहे, नर्मदेचं आहे, म्हणून निर्धास्त राहणं मी सोडलं. हॉलच्या टाकीचं झाकण उघडून बघा, कधी धुतली ते विचारा. क्लोरीन तपासायचं छोटं किट मिळतं, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन दिसायला हवं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर पिण्यासाठी, चटणीसाठी, कोथिंबीर धुण्यासाठी उकळून गार केलेलंच. टँकरवाला "बिलकुल साफ है" म्हणतोच.

बर्फ घेताना रंग बघा. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगवायचा असा एफएसएसएआयचा २०१८ चा आदेश आहे. पांढरा असला तरी कुठून आणला ते विचाराच, आणि माल थंड ठेवायचा बर्फ ग्लासात टाकायचा नाही.

गावाकडचा माल

आमच्या मेळ्यात महूकडच्या एका गावातल्या बायकांचा समूह येतो, आलू चिप्स, पापड, कुरडया, लोणची, चटण्या घेऊन. माल फर्स्ट क्लास, पण पहिल्या वर्षी सगळं नुसत्या पिशवीत बांधलेलं, वर काही लिहिलेलं नाही. पॅक करून विकायचं तर लेबल लागतंच: पदार्थाचं नाव, त्यात काय काय आहे (जास्त असेल ते आधी), वजन, कधी बनवलं, कधीपर्यंत चांगलं, बॅच नंबर, किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, रजिस्ट्रेशनचा नंबर, आणि हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. त्यांनी शाळेतल्या मुलीकडून हाताने एक लिहून घेतलं आणि झेरॉक्स काढून चिकटवलं, चालतं, वाचता आलं म्हणजे झालं.

बॅच नंबरची त्यांना फार भीती वाटत होती. काही नाही हो, तारीख आणि त्या दिवसातला कितवा घाणा एवढंच वहीत लिहायचं. एका बरणीला बुरशी आली तर त्या घाण्याच्या बाकीच्या बरण्या परत मागवता येतात, नाहीतर सगळाच माल फेकावा लागतो.

वाळवणाचं मुख्य म्हणजे पूर्ण वाळणं. कुरडई वरून कडक आणि मधे लवचिक असेल तर ती पिशवीत घाम सोडते. दोन दिवस स्टीलच्या डब्यात बंद ठेवा, झाकणाला आतून ओल दिसली तर परत उन्हात. शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे काढाच, त्या बुरशीचं विष भाजून पण पुरतं जात नाही.

आणि लसूण. हे जरा नीट वाचा. सुकी लसूण-खोबऱ्याची चटणी ठीक आहे. पण ओला लसूण वाटून त्यावर तेल ओतून बाटलीत भरून महिनाभर बाहेर ठेवणं धोक्याचं आहे, तेलाखाली हवा नसते आणि तिथे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जिवाणू विष बनवू शकतो, वास नाही, चव नाही. लोणच्यात आंबटपणा आणि मीठ असतं म्हणून ते तरतं. ओल्या लसणाची तेलातली चटणी करायचीच तर फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवायची, मेळ्यात विकायची नाही. त्या समूहातल्या आजी म्हणाल्या, "आम्ही जन्मभर खाल्ली." मी म्हटलं, आजी, तुम्ही सकाळी वाटली आणि दुपारी संपवली, बाटलीत भरून इंदूरला कधी पाठवली होती?

खवा गावाकडूनच येतो आपल्याकडे. चमचाभर खवा पाण्यात उकळा, गार होऊ द्या, आयोडीनचे दोन थेंब टाका, निळं झालं तर स्टार्च मिसळलाय. सुटी मिठाई विकताना ट्रेवर कधीपर्यंत चांगली ही तारीख लावायचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहे, मिठाईच्या दुकानांसाठी निघाला पण स्टॉलवर पाळायला काय हरकत आहे. कलाकंद त्याच दिवशी संपवायचा असतो, बेसनाचा लाडू आठवडाभर टिकतो.

आदल्या दिवशी

जे आदल्या दिवशी शिजवाल ते थंड कसं करता यावर सगळं आहे. पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर मधला गोळा रात्रभर कोमट राहतो. मी एकदा बटाट्याच्या भाजीचं पातेलं बाहेरच तीन तास झाकून ठेवून मोजलं होतं, कडेला ३९, मधे ५३. उथळ परातीत दोन बोटं जाडीचा थर पसरा, खाली गार पाण्याचा टप ठेवा, पंखा लावा. ६० वरून २१ पर्यंत दोन तासांत आणि पुढच्या चार तासांत ५ पर्यंत आलं पाहिजे. जमत नसेल तर आदल्या दिवशी शिजवू नका, सकाळी पाचला उठा.

ज्याला उलट्या-जुलाब आहेत त्याला सुट्टी, आणि थांबल्यावर पुढचे ४८ तास पण. बोट कापलेलं असेल तर पट्टी आणि वर ग्लोव्ह, कारण जखमेतला स्टॅफ जिवाणू पण असंच गरम करून न जाणारं विष सोडतो. लायसन्स घेऊन मोठा धंदा करणाऱ्यांसाठी वर्षातून एकदा मेडिकल आणि टायफॉइडची लस हे नियमातच आहे.

मेळ्याच्या दिवशी

प्रत्येक स्टॉलवर नळ असलेला पाण्याचा कॅम्पर, साबण आणि खाली बादली, हे नसेल तर स्टॉल उघडायचा नाही. ग्लोव्ह घातलेल्या हाताने पैसे घेणं आणि त्याच हाताने वडा देणं मी इतक्या वेळा बघितलंय की आता आम्ही पैसे स्टॉलवर घेतच नाही, गेटवर कूपन. हिशोब पण सोपा होतो, खजिनदार खूश.

पेपरवर वडे काढायचे नाहीत. मला माहितीये, इंदूरमध्ये पेपरवर पोहे खाल्ले नाहीत असा माणूस नाही, पण शाईतली रसायनं गरम तेलात उतरतात आणि १ जुलै २०१९ पासून खाण्याला वर्तमानपत्र लावायला बंदी आहे. प्लास्टिकच्या प्लेट-चमचे-ग्लास १ जुलै २०२२ पासून बंद. पळसाच्या पत्रावळी-द्रोण घ्या, पण गठ्ठा सोडून वास घ्या, पावसाळ्यातल्या गठ्ठ्यात आतून बुरशी असते.

तळणीच्या तेलाला फेस यायला लागला, धूर लवकर येतो, चिकट काळं झालं, की बदला. कायद्याने तेलातली पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत परत तापवून तयार होणारी रसायनं, २५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. जुन्या तेलात नवीन ओतून "ताजं" करण्यात अर्थ नाही. आणि मोरीत ओतू नका, गार करून कॅनमध्ये भरा, बायोडिझेलसाठी घेणारे असतात.

पाटीवर किमतीच्या खाली लिहा की यात शेंगदाणे, तीळ, काजू, दूध, गहू काय काय आहे. आपल्या मराठी खाण्यात दाण्याचं कूट कुठे कुठे लपलेलं असतं ते आपल्यालाच आठवत नाही. बांधानी म्हणजे पीठ-डिंक मिसळलेल्या हिंगात पण बरेचदा गव्हाचं पीठ असतं, म्हणून ज्याला गहू चालत नाही त्याला "नुसतं वरण आहे हो" म्हणून वाढू नका.

एका माणसाला दुसरं काहीच काम द्यायचं नाही. त्याने दर तासाला थर्मामीटर घेऊन फिरायचं आणि वहीत लिहायचं: वेळ, पदार्थ, अंश. दरवेळी टोचण्याआधी सुई पुसायची. हे काम आम्ही कॉलेजच्या पोरांना देतो, ती काकू-मावशींना न घाबरता "हे काढा" म्हणतात, आमच्याच्याने होत नाही.

उरलं तर, आणि फोन आला तर

उरलेलं गरीब वस्तीत वाटू या, हे दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. भावना चांगली, पण सहा तास स्टॉलवर राहिलेला दहीवडा आपण घरी खाणार नाही तर दुसऱ्याला का द्यायचा. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे २०१९ चे वेगळे नियम आहेत. जे ६० च्या वर किंवा ५ च्या खालीच राहिलंय, कुणाच्या ताटात गेलेलं नाही, ते लगेच, झाकून, बनवल्याची वेळ लिहून, अशा वाटप करणाऱ्या संस्थेला द्या. बाकीचं ओल्या कचऱ्यात, आणि पत्रावळी पण ओल्यातच बरं का, नाहीतर कचरागाडीवाला परत पाठवतो.

प्रत्येक शिजवलेल्या पदार्थाचा वाटीभर नमुना स्वच्छ डब्यात, नाव आणि वेळ लिहून, ४८ तास फ्रिजमध्ये ठेवा. कुणाचा फोन आला तर वाद घालू नका, काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला ते लिहून घ्या. ओआरएस द्यायला सांगा, लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई किंवा रक्त पडत असेल तर लगेच डॉक्टरकडे पाठवा. दोन-तीन फोन सारखेच आले की तो पदार्थ विकत घेतलेल्या सगळ्यांना ग्रुपवर कळवा आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला तुम्हीच फोन करा, एफएसएसएआयचा १८००११२१०० हा टोल फ्री पण आहे. भांडी घासून टाकायची घाई करू नका, नमुने सांभाळा. आमच्या वेळी सगळं चकाचक घासून ठेवलेलं होतं, त्यामुळे भातात नेमकं काय होतं ते कधीच कळलं नाही.

आणि ४८ तासांनी ते नमुन्याचे डबे कोण फेकणार ते मेळ्याच्या आधीच ठरवा, नाव लिहून, नाहीतर आमच्यासारखं होतं, संक्रांतीचे डबे होळीला माझ्याच फ्रिजमध्ये सापडतात.